बाबांच्या हातावरची टीं टीं

लेकीने घरी तीन मनगटी पट्टे आणले. ती विद्यापीठात कुटुंबातल्या ताणावर संशोधन करत होती. ताण वाढला की पट्टा टीं टीं करायचा. परक्यांना बांधण्याआधी घरच्यांवर करून पाहावं, म्हणून तिने आई-बाबांना एकेक बांधला आणि एक स्वतः घातला.

आईचा पट्टा कोकलत सुटणार, याची तिला खात्री होती. आई मोटार चालवायला शिकवायची, आणि दिवसभर शिकाऊंवर चढवलेला आवाज घरी आल्यावरही खाली उतरत नसे. बाबा शिंपी, मुलखाचे शांत. बोटात सुई घुसली तरी हूं की चूं नाही.

जेवताना आईने नेहमीचा विषय काढला. अर्धं गाव माझ्याकडून गाडी शिकलं, घरचा माणूस तेवढा राहिला. ती तावातावाने बोलत होती, पण तिचा पट्टा गप्प. टीं टीं सुरू झाली ती बाबांच्या हातावर. त्यांनी हात हळूच टेबलाखाली घेतला. तिथूनही टीं टीं.

"गाडीची एवढी भीती वाटते, बाबा?" लेकीने विचारलं.

बाबांनी घास गिळला. "गाडीची नाही गं. हिच्या शिकवण्याची."

आईला असं हसू फुटलं की ठसकाच लागला. तिन्ही पट्टे एका सुरात बोंबलू लागले. हसण्यातली धडधड कुठली आणि चिडण्यातली कुठली, हे त्या बापड्यांना कुठून कळणार? हसू नका, आकडे बिघडतायत, असं लेक पोट धरून सांगत राहिली. त्यावर दोघं आणखीच हसली.

रविवारी आईने न ओरडण्याचं कबूल करून बाबांना मोकळ्या मैदानात नेलं. लेक मागे बसली. बाबांनी क्लच सोडला, गाडी गचके खात निघाली. बाबांचा पट्टा मूग गिळून बसला होता. किंचाळत होता तो आईचा. ओठ घट्ट मिटून ती लालबुंद झाली होती.

"ओरड बाई एकदाची," बाबा म्हणाले, "नाहीतर फुटशील."

"ब्रेक!"

समोर चिटपाखरूही नव्हतं. तरी बाबांनी ब्रेक दाबला आणि तिघंही पुढे आपटता आपटता वाचली.

"शिकाऊ काय, रोज नवे येतात," आई पुटपुटली. "तुम्ही एकच आहात."

बाबांचे कान लाल झाले. त्यांनी गाडी पुन्हा सुरू केली, आणि कोणी सांगायच्या आत दुसऱ्या गिअरमध्ये घातली.