निळ्या शालीवरचा थेंब

संग्रहालयाच्या दुरुस्तीच्या खोलीत काच काढून ठेवलेलं ते चित्र, आणि समोर नक्कल करायला बसलेली चिमणी. चिमणी म्हणजे चित्रकलेच्या वर्गातली सगळ्यात भित्री मुलगी. चित्र मात्र जगाला ठाऊक असलेलं, निळ्या शालीतली बाई. एका माथेफिरूनं तिच्यावर सुरी चालवली होती. ती वाचली, पण तेव्हापासून लोक तिचा चेहरा सोडून जखमच शोधत बसतात. लोकांना दुसरं सुचतं काय!

बाकीची मुलं चहाला गेली. शालीची छटा जुळवायला चिमणी ओला ब्रश घेऊन जरा जास्तच पुढे वाकली, आणि जांभळा थेंब मूळ चित्रातल्या शालीवर पडला.

तिनं ब्रश खाली ठेवला. जुन्या चित्रावरचा मळ थुंकीनं ओल्या केलेल्या कापसानं काढतात, हे कालच वर्गात शिकवलं होतं. तिनं काडीला कापूस गुंडाळला, जिभेला लावला, हलकेच फिरवला. थेंब गेला. पण कापूस निळा झाला, आणि शालीवर पांढरी रेघ उघडी पडली.

दार सताड उघडं होतं. पळाली असती तर आळ कोणावरही गेला असता. पण ती चित्रासमोरून हलली नाही. साऱ्या जगाचं चित्र आपण थुंकीनं पुसलं!

दुरुस्तीचं काम करणाऱ्या बाई आत आल्या. चिमणीनं कापूस पुढे केला.

"बाई, माझ्या हातून झालं. मला काढून टाका, पण हिला वाचवा हो!"

बाईंनी भिंग घेतलं. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली. चिमणीला रडू फुटलं.

"रडू नकोस. हा रंग माझा आहे."

"तुमचा?"

"सुरीनं पडलेली चीर मी पांढऱ्या लुकणानं भरून वर हा रंग दिला होता. असा रंग आम्ही मुद्दाम पुसता येईल असाच लावतो. उद्या कोणाला माझ्याहून चांगलं जमलं तर? आजूबाजूचा जुना रंग शाबूत आहे. पण याच्यापुढे ब्रश टेबलावर आणि तू खुर्चीत. कळलं?"

चिमणीनं मान हलवली.

"आता ये, दिवा धर. भरते परत."

"नको बाई, माझा हात थरथरतोय."

बाईंनी त्या पांढऱ्या रेघेवरून, न टेकवता, बोट फिरवलं.

"ही चीर बघ, किती सरळ आहे. सुरी चालवणाऱ्याचा हात जराही थरथरला नव्हता. धर दिवा."