टोपलीसकट वजन

बेकरीवाल्याला आपल्या लेकीचं कौतुक फार. जन्मली तीच दोन्ही मुठी घट्ट आवळून, म्हणून नाव ठरेपर्यंत ती मुठू, आणि नाव ठरल्यावरही मुठूच. गिऱ्हाइकाला ब्रेड बांधून देता देता तो सांगायचा, "आमची मुठू म्हणजे भारी गुणी. रडणं नाही, किरकिर नाही. दोन घोट दूध प्यायली की झोपली." ज्यांच्या घरी टाहो फोडणारी पोरं होती ती माणसं कसनुसं हसून ब्रेड घेऊन जायची. दूध पिताना तिच्या कपाळावर घाम यायचा, पण त्याचंही उत्तर घरात तयार होतं. राहायच्या खोल्या भट्टीच्या बरोबर वर, जमीन बाराही महिने कोमट. बेकरीवाल्याला घाम यायचा, त्याच्या बायकोला यायचा, मग पोरीला आला तर नवल काय?

लस टोचायला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मुठूच्या छातीला नळी लावली आणि बोलता बोलता गप्प झाल्या. नळी थोडी सरकवून पुन्हा ऐकलं. मग विचारलं, "दूध पिताना दमते का ही?"

"दमत नाही, गुणी आहे," बेकरीवाला म्हणाला.

 डॉक्टरीणबाईंनी मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी लिहून दिली. तिथे अंधाऱ्या खोलीत मुठूच्या छातीवर गार जेल लावून तपासणी झाली, आणि हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. हृदयाचे हे दोन कप्पे, हा मधला पडदा, आणि पडद्याला हे भोक. लहान असतं तर आपोआप बुजायची वाट पाहिली असती, पण हे मोठं आहे. म्हणून दूध पिताना धाप लागते, घाम येतो, आणि रडायला लागते ती ताकदच उरत नाही.

बायकोने पदराने तोंड झाकलं. बेकरीवाला चित्राकडे बघत राहिला. ज्या गोष्टीची तो दुकानभर फुशारकी मारत होता, तोच तिचा आजार होता. आपल्याइतका मूर्ख बाप दुसरा नसेल, असं त्याला वाटलं, आणि ते त्याने घरी येईपर्यंत दोनदा बोलूनही दाखवलं. दुसऱ्यांदा बायको म्हणाली, "पुरे आता. मीही भट्टीलाच बोल लावत होते."

ऑपरेशन करावं लागणार होतं. पण डॉक्टर म्हणाले, पोर पाच किलोची होऊ दे, म्हणजे तिला ते झेपेल. औषधं दिली, दुधात घालायची पावडर दिली, आणि बजावलं की वजन वाढत राहायला हवं. ते घसरायला लागलं तर अवघड आहे. ऑपरेशन लांबवायला हृदयात तेवढा दम नाही, आणि एवढ्याशा अंगावर करायचं तर धोका मोठा. घरी काटा असेल तर पंधरवड्याला वजन करत जा.

घरी काटा नसेल? बेकरीवाल्याच्या आयुष्यात दुसरं होतं काय? दरवर्षी तपासून शिक्का मारलेला, आरशासारखा पुसलेला काटा भट्टीशेजारच्या ओट्यावर होता. फरक इतकाच, की तो काटा खरं म्हणजे बायकोचा. लग्न होऊन आली तेव्हापासून मैदा, साखर, लोणी तोलायचं काम तिचं, आणि मळणं, वळणं, भाजणं त्याचं. त्यात कधी वाद झाला नाही, कारण दोघं एकमेकांच्या ओट्यावर कधी गेलेच नाहीत.

मुठूच्या वजनाच्या वेळी मात्र बायको खाली यायची नाही. "तुम्हीच करा. मला तो आकडा बघवत नाही," म्हणायची, आणि वर खिडकीशी जाऊन उभी राहायची. मग तो एकटाच ब्रेडच्या लांबट वेताच्या टोपलीत दुपटं पसरायचा, मुठूला त्यात निजवायचा आणि टोपली काट्यावर ठेवायचा. आलेल्या आकड्यातून टोपली आणि दुपट्याचं वजन मनातल्या मनात वजा करायचा. ही रीत त्याच्या वडिलांची. त्यांच्या काळात तराजू होता. भांडं आधी तोलून त्याचं वजन बुडाला कोरून ठेवायचं आणि प्रत्येक वेळी वजा करायचं, हे त्यांनी पोराला लहानपणीच घोटून घेतलं होतं. वजाबाकी करून तो जिन्यातूनच हाक द्यायचा, "वाढली गं." वर काही पडल्यासारखा आवाज यायचा. बायको मटकन खाली बसायची, त्याचा तो आवाज.

असं वाढता वाढता मुठू पाच किलोच्या उंबरठ्याशी आली. दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांकडे दाखवायचं होतं. आदल्या दुपारी बायको आपणहून खाली आली. म्हणाली, "आज मी पण थांबते. उद्या तिथे अवसान गळण्यापेक्षा आजच बघून घेऊ." त्याचे हात कणकेने बरबटलेले होते. तो नळाखाली हात धुऊन येईपर्यंत तिने टोपलीत दुपटं घालून सगळं काट्यावर मांडून ठेवलं होतं. त्याने मुठूला अलगद टोपलीत निजवलं. बायकोने ऐनवेळी डोळे मिटून घेतले.

त्याने आकडा पाहिला. टोपली वजा केली, दुपटं वजा केलं. पुन्हा वजाबाकी केली. उत्तर तेच. मुठू मागच्या खेपेपेक्षा कमी भरली होती, आणि थोडीथोडकी नव्हे, चांगली अर्ध्या किलोने.

"काय झालं?" बायकोने डोळे न उघडता विचारलं.

"वाढली," तो म्हणाला.

"पाच?"

"झालेच म्हणायचे."

बायकोने डोळे उघडले, त्याच्याकडे एकदा पाहिलं, मुठूला उचलून खांद्यावर घेतलं आणि ती वर गेली. बायकोला आज रात्री तरी झोप लागू दे, उद्या कळायचं ते कळेलच, असा त्याचा हिशेब होता. त्या संध्याकाळी त्याने बनचा एक अख्खा घाणा करपवला. दुकान सांभाळायला आलेली त्याची ताई म्हणाली, "अरे, गिऱ्हाइकांना ब्रेड द्यायचाय की कोळसा?" नेहमी दोन शब्द परत करणारा भाऊ नुसते करपलेले बन वेचत राहिला, तेव्हा तीही वेचू लागली.

सकाळी दोघं मुठूला घेऊन हॉस्पिटलला निघाली. बायको मुठूच्या टोपीची नाडी सोडत होती आणि पुन्हा बांधत होती. बेकरीवाला मनात जुळवाजुळव करत होता. डॉक्टर वजन सांगतील तेव्हा हिला कसं सावरायचं? आणि काल खोटं बोललो ते कोणत्या तोंडाने सांगायचं? त्याची पाचावर धारण बसली होती.

वजनाच्या खोलीतल्या सिस्टर पोक्त आणि घाईत होत्या. त्यांनी मुठूचे कपडे उतरवून तिला काट्याच्या ताटात निजवलं, आकडा पाहिला आणि म्हणाल्या, "छान. पाचच्या वर गेली की बाई."

बेकरीवाला म्हणाला, "नाही."

सिस्टरांनी वर पाहिलं. "काय नाही?"

"तुमचा काटा बिघडलाय. परत करा वजन."

"आज सकाळपासून चाळीस पोरं तोललीत यावर. सगळीच बिघडली का?"

"ते मला माहीत नाही. आमच्या काट्यावर शिक्का आहे. काल आम्ही घरी केलं, अर्धा किलो उतरलंय." इतकं बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली आणि बायकोकडे पाहायचं टाळलं.

सिस्टरांनी उभ्या आयुष्यात पुष्कळ बाप पाहिले होते. वजन कमी आलं म्हणून भांडणारे पाहिले होते. पोराचं वजन चांगलं आलं म्हणून भांडणारा हा पहिलाच. त्यांनी मुठूला उचलून शेजारच्या दुसऱ्या काट्यावर ठेवलं. आकडा तोच आला. दुसऱ्यांदा गार ताट पाठीला लागताच मुठूने पाय झाडले.

"अहो," बायको हळू आवाजात म्हणाली, "काल तुम्ही टोपलीचं वजन वजा केलंत?"

"मग? टोपलीसकट पोरीचं वजन सांगू?"

"मी टोपली आणि दुपटं ठेवून काटा शून्यावर आणला होता. मैद्याला रोज आणते तसा."

 बेकरीवाल्याचं तोंड उघडं ते उघडंच. मग सिस्टरच तोंडावर रुमाल धरून हसायला लागल्या. "म्हणजे टोपली दोनदा काढली? अहो, पोरगी राहिली हेच नशीब."

तो हसला नाही. भिंतीला टेकून उभा राहिला आणि पोरासारखा रडायला लागला. काल दुपारपासून छातीवर ठेवलेला धोंडा अचानक निघाला होता. बायको काट्यावरून मुठूला उचलून त्याच्या जवळ आली.

"खोटं बोललात काल," ती म्हणाली.

"तुला झोप लागावी म्हणून."

"लागली नाही. मला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही खोटं बोललात की आवाज खाली जातो तुमचा, विहिरीतून आल्यासारखा. लग्नाआधी तुमच्या घराला गच्ची आहे म्हणून सांगितलं होतंत, तेव्हाही तसाच गेला होता." तिने मुठूला अंगाशी धरलं. "मी पण रात्रभर जागी होते. भिंतीकडे तोंड करून. एका खोलीत दोघं जण वेगवेगळे मरत होतो आपण. परत असं करू नका. वाईट असलं तरी सांगा मला."

"सांगेन," तो म्हणाला. आवाज खाली गेला नाही.

मोठ्या डॉक्टरांनी मुठूला तपासलं आणि पुढच्याच आठवड्यातला दिवस दिला. वजन भरलं म्हणून तो दिवस मिळाला होता, या आनंदात दोघं घरी पोचली. घरी पोचल्यावर मात्र कळलं, की आता पोरीला डॉक्टरांच्या हातात सोपवायचंय.

ऑपरेशनच्या दिवशी मुठूला आत नेताना बायकोने तिची एक मूठ उघडून तळव्याचा मुका घेतला. मुठूने लगेच ती पुन्हा मिटली. दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर दोघं बसून राहिली. बेकरीवाला समोरच्या भिंतीवरच्या फरश्या पाहत होता आणि बायको त्याच्याकडे पाहत होती. ताईचा फोन आला, आज ब्रेड करपला नाही, काळजी करू नका. दोघं थोडं हसली. वेळ जाता जाईना. घशाला कोरड पडली तशी बायको पाण्याची बाटली भरून आणायला उठली, आणि नेमकं तेव्हाच दार उघडलं.

मोठे डॉक्टर तोंडावरचा मास्क खाली ओढत बाहेर आले. ते काय काय बोलले त्यातलं निम्मंच बेकरीवाल्याच्या कानात शिरलं. भोक बंद केलंय. हृदय आता आपलं आपण चाललंय. काही दिवस आतच राहील, पण व्यवस्थित आहे. त्याने हात जोडले. काहीतरी म्हणायला गेला आणि डोळ्यांतून पाण्याची धार लागली.

बायको कॉरिडॉरच्या टोकाला आली तेव्हा तिला एवढंच दिसलं, की डॉक्टर उभे आहेत आणि नवरा हात जोडून रडतोय. ती जागच्या जागी थांबली.  तो धावतच तिच्याकडे गेला आणि तिचे दोन्ही दंड धरले.

"बरी आहे," तो म्हणाला. "मुठू बरी आहे."

पण रडून रडून त्याचा घसा बसला होता. आवाज खोल, पार विहिरीतून आल्यासारखा आला.

बायको त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. मग त्याच्या खांद्यावरून मागे उभ्या असलेल्या डॉक्टरांना तिने विचारलं, "डॉक्टर, हे खरं बोलतायत का?"

डॉक्टर चक्रावले. असा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नसावा. "हो," ते म्हणाले. "अगदी खरं."

तेव्हा कुठे तिच्या हातातून बाटली सुटली. ती तिथेच भर कॉरिडॉरमध्ये, सांडलेल्या पाण्यात खाली बसली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने रडली. बेकरीवालाही तिच्या शेजारी पाण्यात बसला.