अंतराळातला पंखा

प्रयोगशाळेच्या संचालकांना पाठीमागे सगळे 'पंप' म्हणत, कारण समोरच्यात हवा भरण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिथल्या शास्त्रज्ञ बाईंना मात्र हे टोपणनावही त्यांच्यासाठी जास्तच वाटायचं. पंप निदान उपयोगाचा तरी असतो.

बाई तारेवर काम करायच्या. सूर्य सतत विद्युतभारित कण फेकत असतो, त्याला सौर वारा म्हणतात. अंतराळात तांब्याची लांबच लांब तार सोडायची, त्या वाऱ्यातले इलेक्ट्रॉन तिनं ओढून घ्यायचे आणि त्यातून वीज काढायची. एवढीच गोष्ट, पण तिच्यापायी बाईंचे केस पांढरे झाले होते. आज खात्याचे मोठे साहेब येणार होते. त्यांनी होकार दिला तर तार खरोखर वर जाणार होती, नाही तर विभागाला कुलूप लागून तिची रवानगी कपाटात.

आणि अशा दिवशी साहेबांना दाखवायच्या मॉडेलमध्ये, तारेच्या टोकाला, तीन पात्यांचा पंखा गरगरत होता.

"हा काय प्रकार आहे?" बाईंनी विचारलं.

"अहो, वारा म्हटलं की पंखा नको का?" पंप म्हणाले. "त्याशिवाय साहेबांच्या डोक्यात काय शिरणार?"

"तो वारा इतका विरळ असतो की त्यानं पीससुद्धा हलायचं नाही. पंखा कसला फिरतोय!"

"मॅडम, तुम्ही फार शिकलात, तिथंच सगळं बिघडलंय."

पंख्याची वायर टेबलावरच्या चादरीखालून भिंतीतल्या प्लगपर्यंत गेली होती. त्याच विजेवर शेजारी बल्ब पेटला होता आणि खाली पाटी होती: 'सूर्याच्या वाऱ्यावर चालणारा दिवा'. मॉडेल करणाऱ्या सुतारालाही लाज वाटली असावी, पाटी त्यानं तिरकीच ठोकली होती. साहेबांनी विचारलं तर सरळ खरं सांगायचं, असं बाईंनी ठरवून टाकलं. या भोंदूगिरीत त्यांना आपले हात बरबटून घ्यायचे नव्हते.

साहेब आले, सगळ्या लवाजम्यासकट. बल्ब बघून असे हरखले, जसा काही घरी दिवा कधी पाहिलाच नव्हता. पंप कमरेत वाकून, मागे मागे सरकत माहिती देत होते. सरकता सरकता त्यांची टाच वायरीत अडकली आणि प्लग निघाला. पंखा थांबला, बल्ब विझला.

"वारा पडला वाटतं," साहेब म्हणाले.

बाईंना हसू आवरेना. आपलं आयुष्य याच्या सहीवर टांगलंय! पंपांचा चेहरा खर्रकन उतरला होता. त्यांची अशी फजिती बघायला बाई कितीतरी वर्षं थांबल्या होत्या. तेवढ्यात साहेब त्यांच्याकडेच वळले.

"मॅडम, तुम्ही सांगा. वरसुद्धा असा वारा पडतो का हो? मग आपली पंचाईतच."

साहेब, प्लग निघालाय, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की तार कपाटात.

"कमी-जास्त होतो, साहेब," बाई म्हणाल्या. "पण परत सुटतो."

यातला शब्द न् शब्द खरा होता, म्हणूनच त्यांना स्वतःची किळस आली. कोपऱ्यात उभ्या सुतारानं गुपचूप वाकून प्लग लावला. पंखा फिरू लागला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, त्यांचं बघून लवाजम्यानं वाजवल्या, आणि होकार जागच्या जागी मिळाला.

साहेबांना गाडीपर्यंत पोचवून पंप परत आले. बाईंकडे त्यांनी पहिल्यांदाच आपुलकीनं पाहिलं.

"जमलं की तुम्हाला," ते म्हणाले. "उगाच इतकी वर्षं आमच्यापासून लांब राहिलात."