काशीबाईंची सही माझ्यावर आहे

मी एकशे सात नंबरचा फॉर्म बोलतोय. चौदा पानांचा. माझा जन्म पेणच्या एका झेरॉक्सच्या दुकानातला. खाडीपलीकडच्या टेकडीवर अणुकचरा साठवण्याचं केंद्र यायचं आहे. त्याने गावांच्या पोटापाण्याचं काय होईल, ते मोजायला मला छापलं. तेव्हा मला अभिमान वाटला होता. आज त्याच अभिमानाचा राग येतो.

हर्षद मला घेऊन खाडीकाठच्या गावात आला. तो सर्वेक्षक, रोह्याजवळच्या वरसे गावचा, तिशीतला, बोलायला मऊ. काशीबाई ओट्यावर कोलंबी सोलत होत्या. शेजारची शकू जवळच बसली होती.

"मुख्य व्यवसाय?"

"मिठागरात मीठ ओढते. पावसाळ्यात भात. मधी कोलंबी, चिंबोऱ्या."

माझ्यात एकाच चौकोनात खूण करायची होती आणि यादीत मीठ नव्हतंच. हर्षदने 'गृहिणी'वर खूण केली.

शकूने वाकून पाहिलं. "काशे गो, तू घरात बसून खातेस असं लिवलंन त्यानं."

"माझ्या टाचांच्या भेगा त्याला रांगोळी वाटली असंल."

पुढचा प्रश्न : केंद्रापासून घराचं अंतर, रस्त्याने. पेणच्या बाजारातून, पुलावरून वळसा घालून एकोणीस किलोमीटर. दहाच्या आतलं घर तेवढं 'बाधित'.

काशीबाईंनी समोर बोट केलं. "ती काय टेकडी. होडीनं निघालं की एक इडी वढून संपायच्या आत पोचतो. तिथलंच पानी भरतीला आमच्या बांधातल्या दाराच्या, उघाडीच्या, फळ्यांतून आत येतं, मिठाच्या वाफ्यात बसतं."

"मावशी, फॉर्ममध्ये रस्त्याने विचारलंय."

"पानी काय रस्त्यानं येतं? यष्टीत बसून?"

हर्षद हसला नाही. मान खाली घालून त्याने एकोणीस लिहिलं. कागदाला नाही म्हणता येत नाही. हर्षदला येत होतं.

"सही करा. बाकीचं मी वर जाऊन सांगतो."

काशीबाईंनी लुगड्याला हात पुसले आणि एकेक अक्षर जपून काढलं. त्यांच्या बोटांचा कोलंबीचा वास अजून माझ्या शेवटच्या पानाला आहे. हर्षदने वर काहीच सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी पेणला सुनावणी झाली. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी अहवाल वाचला : खाडीच्या या काठावर एकही कुटुंब बाधित नाही.

काशीबाई उभ्या राहिल्या. "माझा कागद दाखवा."

साहेबांनी मला काढलं. "गृहिणी. एकोणीस किलोमीटर. बाधित नाही. खाली तुमचीच सही आहे ना, बाई?"

"सही माझी हाय. वरचं सगळं तुमचं हाय. माझी सही मला परत द्या."

सभागृहात हशा पिकला. पहिल्या रांगेतले अधिक हसले. साहेब म्हणाले, "सही परत देता येत नाही." आणि मला फाईलमध्ये घातलं.

आता मी एका कपाटात आहे. माझ्यासारखे चारशे आहेत, सगळ्यांच्या पोटात रस्त्याचंच अंतर. या कपाटाच्या जोरावर उद्या टेकडीवर कुंपण पडेल. काशीबाईंच्या मिठाला कोणी हात लावेनासं झालं, तर 'बाधित नाही' म्हणून मलाच पुढे करतील.

मी खोटा आहे. हे मी स्वतः सांगतोय, माझ्याच चौदा पानांवरून. ती सही त्या बाईला परत द्या. मग कोरा कागद घेऊन या, भरतीच्या वेळी, होडीत बसून, आणि अंतर तिला मोजू द्या.