झोपलेल्या नवऱ्याचं चित्र

मुलगी दाखवायची तर तिच्या हातची कला आधी भिंतीवर लागली पाहिजे, हा सरूबाईंचा हट्ट. मण्यांचा मोर लागला, विणलेलं तोरण लागलं. पण खरी शान तनुजाच्या चित्राची. चित्रकला शिकणाऱ्या पोरीनं तैलरंगात रंगवलेलं ते भलंमोठं चित्र कालच कॉलेजातून आणून भिंतीकडं तोंड करून ठेवलं होतं. ती साडी नेसत होती तोवर सरूबाईंनी ते उस्मानपुऱ्यातल्या आपल्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर टांगलंसुद्धा. उन्हामुळं पडदे ओढलेले, त्यात चित्रही काळपट. झाडाखाली नवरा झोपलाय, बायको उशाशी बसलीय, एवढं त्यांना दिसलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. आली बाई पोरगी वळणावर!

दिवाळीत मेंढरंवाला मल्हारी आपल्या बिभीषणसाठी तिला मागायला आला होता. पोरगा शेंद्र्याच्या कंपनीत कामाला, सालस. पण जात आडवी आली. तनुजाच्या वडिलांनी, पुंजारामरावांनी, बापलेकांना पाणीसुद्धा न विचारता दारातूनच वाटेला लावलं. तेव्हापासून तनुजा कशालाच नाही म्हणत नव्हती.

पाहुणे आले. मुलाची आत्या, वच्छलाबाई, पोह्यांची बशी घेऊन चित्राखाली उभ्या राहिल्या.

"लई झ्याक काढलंय. गडी दमून झोपला जणू?"

"झोपला नाय," तनुजा म्हणाली. "मेलाय."

सगळ्यांचे चमचे थांबले.

"परदेशातली जुनी गोष्ट हाय. तिकडल्याच जुन्या चित्रावरून काढलंय. घरचे लग्न लावंनात म्हणून दोघं पळून या झाडाखाली भेटणार होते. ती आधी आली, सिंहाला भिऊन लपली; त्याला सिंहाच्या तोंडच्या रक्तानं भरलेली तिची ओढणीच घावली. ती मेली समजून त्यानं तलवार खुपसून घेतली."

"आन् तिनं?"

"तीच तलवार घेतली."

वच्छलाबाईंनी मोबाइलची बॅटरी लावली. उजेडात आधी रक्त दिसलं, मग चेहरे. मेलेल्याच्या हनुवटीवर बिभीषणचा तीळ होता. छातीला तलवारीचं टोक लावून बसलेली पोरगी तनुजा होती.

सरूबाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. पोटच्या पोरीचं मरण आपण आपल्या हातानं खिळा ठोकून टांगलं!

"चित्र हाय वो," पुंजारामराव उसनं हसले. "चित्राला काय भ्यायचं?"

सरूबाई स्वयंपाकघरात गेल्या. विळी उचलून त्यांनी माळ्यावर टाकली. बाहेर येऊन पाहुण्यांना हात जोडले.

"माफ करा. आमची पोरगी दाखवायची नव्हती."

मग भरल्या हॉलमध्ये त्या नवऱ्याकडं वळल्या.

"मल्हारीला फोन लावा. आन् आधी पाणी प्यायला या म्हणावं."