दादाच्या धनुष्यावरची वेल

धाकट्याचं म्हणणं एकच होतं: धनुष्य मारायला असतं, मिरवायला नाही. थोरला भाऊ मात्र प्रत्येक धनुष्यावर वेल कोरत बसायचा.

"रानडुक्कर काय तुझी नक्षी बघत थांबणार आहे, दादा?"

यावरून दोघांची जुंपली. दादाने मुस्काटात दिली, धाकट्याने त्याचा ओठ फोडला. दादा ओठ धुवायला विहिरीवर गेला, तसा धाकट्याने रागारागाने दादाच्याच धनुष्यावर रंधा चालवला. वेल पार मुळापासून निघाली, तेव्हाच त्याचा हात थांबला. "आता कसं कामाचं दिसतंय!" म्हणत त्याने दोरी चढवून ते भिंतीला टांगलं.

तेवढ्यात कुत्र्यांनी पिटाळलेलं जखमी रानडुक्कर अंगणात घुसलं. दादाने धावत येऊन न बघताच भिंतीवरचं धनुष्य काढलं, बाण लावला आणि दोरी कानापर्यंत ताणली. धनुष्य काडकन मोडलं. डुकराने सुळ्याने त्याची मांडी उभी फाडली.

धाकट्याने कुऱ्हाडीने डुकराची कवटी फोडली, पण दादाचं रक्त काही थांबेना.

दादाने हातातल्या तुकड्यावरून अंगठा फिरवला. "छान गुळगुळीत केलंस रे," तो म्हणाला. "पण सांगायचं तरी. मी एवढं ताणलं नसतं."