छत्तिसावा अभ्रा

“ताई, परीक्षेत तुमचा आवाज गेलाय,” धाकटी जाऊ म्हणाली आणि तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

मी इस्त्रीचं टेबल मांडत होते. रविवारची सकाळ, त्यामुळे घरात आम्ही चौघंही होतो. तिच्या विद्यापीठाचं पत्र आलं होतं. सांख्यिकीच्या पेपरात, एक तास दहा मिनिटं झाली असताना, खोलीबाहेरून दुसऱ्या एका बाईचा आवाज ऐकू आला, परक्या भाषेतला एकच शब्द. ही बाई कोण, शब्दाचा अर्थ काय आणि त्या वेळी ती काय करत होती, हे तिच्या सहीनिशी तीन दिवसांत कळवावं, नाहीतर पेपर रद्द. याच पेपरात धाकटी मागे एकदा आपटली होती. ही दुसरी आणि शेवटची संधी होती. पेपर गेला की तीन वर्षांची पदवी गेली.

पत्रासोबत सहा सेकंदांचा आवाज जोडला होता, तो तिने लावला. आधी धाकटीचं पुटपुटणं, मग मी: “छत्तीस.” मग खुर्चीची करकर.

इतका स्वच्छ, ठाम आवाज माझा आहे हे मला खरंच वाटेना. या घरात मी तशी कधी बोलत नाही.

भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, खो खो हसले. आमचे हे अर्ध्या दाढीनिशी बाहेर आले आणि म्हणाले, “घ्या, परीक्षेतसुद्धा दोघींचा छत्तीसचा आकडा.” मग धाकटीलाही हसू फुटलं. “ताई अभ्रे मोजत होत्या,” ती म्हणाली. “दुसरं काय असणार?”

मला कोणी विचारलंच नाही.

तसा तिचा अंदाज वेडगळ नव्हता. कोपऱ्यावरच्या अतिथीगृहाचे उशांचे अभ्रे मी घरी इस्त्रीला आणते, आणि मोजायचं म्हणजे मोठ्याने, ही माझी सवय आहे. इतकी वर्षं परदेशात काढली, दुकानात, बसमध्ये इथली भाषा बोलते, पण आकडे मात्र मराठीतच तोंडात येतात. त्यावरून घरात चेष्टाही होते. मला झोंबलं ते तिचं ‘दुसरं काय’.

सरळच सांगते, मी धाकटीवर जळते. तिच्या रूपावर नाही, नवऱ्यावर तर नाहीच नाही. तिच्या पदवीवर.

घरबसल्या पदवीची ती जाहिरात भाऊजींनी तीन वर्षांपूर्वी आणली तेव्हा आधी माझ्याच पुढ्यात ठेवली होती. “वहिनी, तुमचं शेवटचं वर्ष लग्नामुळे राहिलं ना? गणितच होतं ना तुमचं? करून टाका.” माझ्या छातीत धडधडायला लागलं, आणि मी म्हणाले, “नको हो आता, या वयात कुठे.” पहिल्यांदा नको म्हणायचं असतं, हे मी लहानपणापासून शिकले होते. कोणी वाढायला आलं की ताटावर हात आडवा धरायचा, मग वाढणारा आग्रह करतो, मग घ्यायचं. मी हात आडवा धरून बसले. भाऊजी “बरं” म्हणाले आणि त्यांनी कागद धाकटीकडे सरकवला. ती म्हणाली, “चालेल.” तिला नको म्हणायला कोणी शिकवलंच नव्हतं.

एकीने शिकायचं तर दुसरीने घर बघायचं, हे ओघानेच आलं. संध्याकाळची भांडी माझ्याकडे आली. तिचे तास सुरू झाले की टीव्ही बंद, फोन बंद, हे खोकायलासुद्धा जिन्यात जायचे. स्वयंपाकघर आणि तिची खोली यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत आहे. तिकडे सर शिकवायचे, इकडे मी इस्त्री फिरवायचे. ती म्हणायची, “सर, समजलं नाही.” मला समजलेलं असायचं. मग मी इस्त्री जरा जास्तच दाबायचे. अतिथीगृहाचे अभ्रे त्या वर्षांत फार कडक निघाले, त्यांनी कौतुकही केलं.

ती पहिल्यांदा नापास झाली तेव्हा मी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, होतं असं कधी कधी म्हणाले. त्या संध्याकाळी इस्त्री करताना मी गुणगुणत होते. हे सांगताना लाज वाटते, पण गुणगुणत होते हे खरं.

परवाच्या परीक्षेला तिने लॅपटॉप गोल फिरवून पडद्यावरच्या परीक्षकाला सगळी खोली दाखवली. कपाट उघडून दाखवलं, टेबलाखालचं दाखवलं, भिंतीवरचं कॅलेंडर काढून पलंगावर पालथं ठेवलं. मग दार लावून घेतलं. मला बजावलं होतं, भांडं वाजवू नका. मी भांडं वाजवलं नाही.

धाकटी प्रश्न पुटपुटत वाचते, तेही मराठी करून. ती खोड जात नाही. भिंतीपलीकडून ऐकू आलं, “नऊ माणसं. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा हात मिळवला. तर एकूण हस्तांदोलनं किती?” मी इस्त्री उभी करून ठेवली. “एकाची आठ,” ती म्हणाली. “नऊ आठे बहात्तर.”

आणि माझ्या तोंडून निघालं, “छत्तीस.”

तिला मदत करायची म्हणून नव्हे. तिचं चुकलं याचं वाईट वाटलं म्हणून तर नव्हेच, उलट मला जरा बरंच वाटलं होतं. मला येत होतं, म्हणून बोलले. किती तरी वर्षांनी कोणी तरी प्रश्न विचारला होता आणि तो मला येत होता. पलीकडे खुर्ची करकरली आणि बटणं पुन्हा वाजू लागली. पेपर संपवून ती बाहेर आली ती खुशीत, म्हणाली, हस्तांदोलनाचं एक गणित तर अगदीच सोपं होतं, बहात्तर. मी म्हणाले, छान.

तर आता ती जेवणाच्या टेबलाशी बसून विद्यापीठाचा फॉर्म भरत होती. दोघे भाऊ गाडीचं काम करायला खाली गेले होते. ती मोठ्याने वाचत होती आणि स्वतःच उत्तरं देत होती. नातं, जाऊ. भाषा, मराठी. शब्दाचा अर्थ, संख्या. काय करत होती, उशांचे अभ्रे मोजत होती.

खरं माझ्या ओठांवर आलं होतं. अभ्रे नाही, तुझं उत्तर सांगत होते. एवढंच म्हणायचं होतं. तिचा पेपर गेला असता आणि मला काय येतं ते या घराला कळलं असतं, एका विद्यापीठालाही कळलं असतं. तिने एका अक्षराचीही लबाडी केलेली नव्हती, हे ठाऊक असूनही मला तो मोह झाला. मी इस्त्रीत पाणी भरत राहिले.

“पुरावा असल्यास जोडावा,” तिने वाचलं आणि एकदम उठली. “चिठ्ठी आहे की.” अतिथीगृहाच्या प्रत्येक गाठोड्यासोबत नगांची चिठ्ठी येते, त्या सगळ्या मी दारामागच्या खिळ्याला अडकवते. तिने त्या दिवसाची चिठ्ठी शोधून काढली. मग तिथेच उभी राहिली.

“ताई, त्या दिवशी अभ्रे चोवीसच होते.”

ती परत येऊन बसली. तिने भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिचे ओठ हलायला लागले. नऊ आठे. नऊ आठे. तिचा चेहरा उतरत गेला.

“छत्तीस कसं?” तिने हळूच विचारलं.

“हात दे.” तिने पुढे केला, तो मी माझ्या हातात घेतला. “किती वेळा झालं?”

“एकदा.”

“तू एक तुझ्याकडून मोजलंस आणि एक माझ्याकडून. म्हणून दुप्पट झालं.”

ती माझा हात सोडेना. तिचा हात गार आणि मऊ होता, माझ्या बोटांवर चटक्यांचे जुने डाग होते. मीच आधी सोडवून घेतला.

फॉर्मात शेवटचा प्रश्न उरला होता. या व्यक्तीला पेपराच्या विषयाचं ज्ञान आहे का? हो, नाही. पाच मिनिटांपूर्वी हे तिने न बघता भरलं असतं. आता तिचं बोट बटणावर थांबलं. चिठ्ठीची तिने लहानशी घडी केली होती, ती तशीच मुठीत होती.

“ताई, काय लिहू?”

तिची पदवी त्या एका उत्तरावर होती, तरी तिने मला विचारलं. त्यात जळण्यासारखं काही नव्हतं. तरी मी जळले, कारण एवढं चांगलं वागणंसुद्धा तिला परवडत होतं.

“नाही लिही,” मी म्हणाले.

तिने लिहिलं. मी पडद्यावर बोटाने सही केली, कॉलेजात करायचे तशी, शेवटी खाली रेघ ओढून. तिने फॉर्म पाठवून दिला आणि डोळे पुसले. चिठ्ठी पुन्हा खिळ्याला लावायला ती उठली आणि दारामागूनच बोलली.

“पुढच्या वर्षी तुम्ही प्रवेश घ्या ना, ताई. घर मी बघते.”

माझ्या छातीत तशीच धडधड सुरू झाली. तीन वर्षांपूर्वी झाली होती, अगदी तशी.

“नको गं आता,” मी म्हणाले. “या वयात कुठे.”

आणि मी थांबले. इस्त्री तापली होती, तिचा दिवा विझला, तरी मी हातातला अभ्रा टेबलावर पसरला नाही. धाकटी दारामागून बाहेर आली. तिने माझ्याकडे पाहिलं, काही तरी बोलणार असं वाटलं. तेवढ्यात लॅपटॉप वाजला. फॉर्म मिळाल्याची पोच आली होती. ती त्यावर वाकली, तिने पोच दोनदा वाचली, आणि तिच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण गेला.

“बरं,” ती म्हणाली. पोचेला म्हणाली की मला, कळलं नाही.

मी गाठोडं सोडलं आणि अभ्रे मोजायला घेतले. मनात.